पटावरची लेकरं

आमच्या गावच्या शाळेविषयी ज्याला मत नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. ज्याची लेकरं शाळेत जातात त्याला मत आहे, ज्याची जात नाहीत त्याला जास्त आहे. ज्याच्या घरी लेकरूच नाही तो पारावर बसून कोणते गुरुजी किती वाजता आले आणि कोणाची मोटरसायकल किती वाजता गेली, हे मिनिटासकट सांगतो. सोयाबीनचा भाव आणि शाळा या दोन विषयांवर बोलायला आमच्याकडं कोणाला शिक्षण लागत नाही. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी आहे. पण या शाळेकडं पाहत साठी ओलांडली, म्हणून लिहितोय.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. हिंगोली जिल्ह्यात सेनगावच्या बाजूला आमचं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की ते गुरुजींवर येतं, आणि ही गोष्ट काही एका गावाची नाही. तीन खोल्या जुन्या, पत्र्याच्या. दोन नव्या, स्लॅबच्या. पुढं मैदान, मैदानात दोन लिंबं, कंपाउंडच्या पलीकडं लगेच सोयाबीनचं वावर. पाऊस जोराचा आला की पत्र्याच्या खोलीत गुरुजींचं बोलणं लेकरांना ऐकू येत नाही. मग पाढे म्हणायला लावतात, कारण पाढ्यांचा आवाज पावसाला भारी पडतो.

आज ज्या शाळेला लोक नावं ठेवतात, ती गावात सहजासहजी आलेली नाही. माझा बाप निजामाच्या राज्यात जन्मला. त्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूत, आणि तेही मोठ्या गावी. मराठी शाळा काढणं हीच एक चळवळ होती. स्वामी रामानंद तीर्थ पुढं हैदराबादच्या लढ्याचे पुढारी झाले, पण त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते, मग अंबाजोगाईच्या शाळेत. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही त्या राज्यातून सुटलो. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या. तवा आमचा जिल्हा परभणी. हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. माझा बाप अंगठेबहाद्दरच मेला. पण गावात चौथीपर्यंतची शाळा आली त्या दिवशी त्यानं शाळेला एक बैलगाडी दगड दिला होता, हे तो मरेपर्यंत सांगायचा.

चौथीच्या पुढं शिकायचं तर ओढा ओलांडून पाच किलोमीटरवरच्या गावाला जायचं. मी गेलो. ७२ च्या दुष्काळात तर त्या शाळेत सुकडी मिळायची म्हणून पोरं ऊन बघत नव्हती. पण माझी थोरली बहीण, आमची आक्का, तिची शाळा चौथीला संपली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे गुरुजींनी घरी येऊन सांगितलं होतं. बाप म्हणला, "पोरीच्या जातीला ओढ्यापल्याड कसं धाडावं?" तेवढ्यावर विषय संपला. त्या ओढ्यानं आमच्या गावच्या एका अख्ख्या पिढीच्या पोरी अडवल्या. १९८५ च्या आसपास गावात पाचवी ते सातवी सुरू झाली, तवा पोरी पहिल्यांदा सातवीपर्यंत टिकल्या. शिक्षणहक्काचा कायदा २०१० ला लागू झाला, आणि पुढं आठवीही आली. पहिलीपासून पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं त्या कायद्याचे नियम सांगतात. ज्यानं ते तीन किलोमीटर लिहिलं त्याला आमचा ओढा माहीत असावा, असं मला वाटून गेलं.

हे झालं मागचं. आता आजच्या मतांकडं येतो.

पहिलं मत पैसेवाल्यांचं. गावात आता सकाळी साडेआठला पिवळी गाडी येते आणि तालुक्याच्या रोडवरच्या इंग्लिश शाळेत लेकरं घेऊन जाते. गाडीत बसणाऱ्याच्या गळ्यात टाय असतो, पायात बूट असतात. टायवाल्या लेकराचा बाप पारावर जरा निराळाच बसतो. त्याचं म्हणणं असं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला कोणी नाही, गुरुजी मोबाइलवर बोट फिरवतात, नापास कोणाला करत नाहीत, आणि इंग्रजी तर लेकराला येतच नाही. यातलं सगळं खोटं नाही. आठवीपर्यंत कोणाला मागं ठेवायचं नाही असा कायदाच होता. मागून कायदा बदलला, आणि आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झाला तर फेरपरीक्षा आली. पण लोकांच्या तोंडात अजून "ढकलगाडी" हाच शब्द आहे. आणि विज्ञानाच्या शिक्षकाची जागा आमच्या शाळेत खरंच दोन वर्षं मोकळी होती. तवा विज्ञान भाषेचे गुरुजी शिकवायचे, म्हणजे वाचून दाखवायचे.

दुसरं मत मजुरांचं. ते पारावर बोलत नाहीत. ऊसतोडीला जाणारी, हळद काढायला रोजानं जाणारी, तांड्यावरची माणसं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "हाय की चांगली. लेकरू दुपारी जेवतंय." एवढंच. शाळेच्या खिचडीवर पारावर विनोद होतात. पण सहावी ते आठवीच्या लेकरामागं रोजचा दीडशे ग्रॅम तांदूळ आणि तीस ग्रॅम डाळ हा हिशोब ज्याच्या घरी आई सकाळी सातला कामावर जाते त्याला विचारावा. त्या घराला शाळा बंद असणं म्हणजे लेकराला एका जेवणाचा खाडा असतो.

तिसरं मत गुरुजींचं. त्यांना कोणी विचारत नाही, पण मी विचारलं. मुख्याध्यापक म्हणले, "काका, शिकवायला कंटाळा नाही. पण शिकवू द्या ना." २०२४ साली आधी लोकसभा आली, मग विधानसभा. मतदार याद्या गुरुजींकडं. खिचडी किती शिजली ते रोज मोबाइलवर भरायचं. कोणता दिवस साजरा झाला त्याचे फोटो टाकायचे. लोक म्हणतात गुरुजी मोबाइलवर असतात, आणि गुरुजी म्हणतात माझं अर्धं काम मोबाइलवर मागतात. दोघंही खरंच बोलायलेत. हां, दोन गुरुजी मोबाइलवर दुसरंही बघतात. हे मी जाता-येता खिडकीतून पाहिलेलं आहे, त्यामुळं ते झाकणार नाही.

चौथं मत लेकरांचं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण शाळेत ती असतात, आपण नसतो. संध्याकाळी माझ्या ओट्यावर सात-आठ पोरं-पोरी बसतात. त्यांना विचारलं, शाळा कशी आहे रे? एकजण म्हणला, "मैदान लई भारी." दुसरी म्हणली, "बाथरूममधी पाणी नसतंय, म्हणून आम्ही दुपारी पाणीच पीत नाही." आठवीतल्या पोरीचं हे बोलणं ऐकून माझ्या पोटात कालवलं. मोठी माणसं इंग्रजीवर भांडायलीत, आणि पोरी तहान मारून बसायलीत, हे कोणाच्या मतात नव्हतं. तिसरा म्हणला, "कम्प्युटर हाय, पण कपाटात कुलपात हाय." चौथा म्हणला, "नवे सर आले ते चांगलेत. ते मारत नाहीत, आणि येत नाही म्हणलं तर परत सांगतात."

हे नवे सर २०२४ च्या पवित्र पोर्टलच्या भरतीत आले. कित्येक वर्षं भरती अडकली होती. मग एकदम झाली, आणि पश्चिम महाराष्ट्रातला एक तरणा पोरगा आमच्या गावात येऊन पडला. आल्या आल्या त्याची बोली ऐकून लेकरं तोंड दाबून हसायची. तो म्हणायचा "काय करतोयस?" आणि आमची म्हणायची "काय करायलास?" महिन्याभरात तो "करायलास" शिकला आणि लेकरं विज्ञान शिकली. शाळेविषयी लेकरांची मतं सहा महिन्यांत बदलली, ती एका माणसामुळं. मोठ्यांची मतं मात्र तीच राहिली, कारण मोठी माणसं शाळेत गेलीच नव्हती.

आता माझ्या घरचं सांगतो. मला एक नात, एक नातू. नात तवा सहावीत, गावच्या शाळेत. नातू दोन वर्षांनी धाकटा, चौथीत. त्याला माझ्या लेकानं २०२३ च्या जूनमध्ये गावच्या शाळेतून काढून पिवळ्या गाडीत बसवलं. फी आणि गाडीभाडं धरलं तर वर्षाला अडीच क्विंटल हळद जाते. मी लेकाला म्हणलं, "एकाला धाडलंस, मग पोरीला का नाही?" तो म्हणला, "आबा, दोघांचं झेपत नाही. आणि ती हुशार हाय, कुठंबी शिकंल." सूनबाई चुलीपुढं होती. ती काही बोलली नाही, पण भाकर थापायचा आवाज वाढला.

हे एकट्या माझ्या घरचं नाही. मी सहज मोजलं. सहावी ते आठवीत पटावर २४ लेकरं. त्यात पोरी १५. गावात पोरी जास्त जन्मल्या का? नाही. पोरं गाडीत बसून गेली, पोरी मागं राहिल्या. माझी नात एक दिवस मला म्हणली, "आबा, माझी शाळा चांगली हाय म्हणून मला ठेवलं, का मी पोरगी म्हणून?" मी तिला म्हणलं, "हे तुझ्या बापाला विचार." तिनं विचारलं. त्या रात्री माझा लेक नीट जेवला नाही.

मी दोघांची परीक्षा घेतली. हिंगोलीच्या हळद मार्केटची काटापट्टी ओट्यावर ठेवली. म्हणलं, तीन क्विंटल चाळीस किलो हळद, भाव साडेबारा हजार, रक्कम किती? नातीनं मातीत बोटानं मांडलं आणि सांगितलं, बेचाळीस हजार पाचशे. वर म्हणली, "यातून हमाली-तोलाई वजा करा." नातवाला क्विंटल म्हणजे किती हेच ठाऊक नव्हतं. मग बियाण्याच्या पिशवीवरचं इंग्रजी वाचायला दिलं. नातवानं भडाभडा वाचलं. नात पहिल्याच शब्दाला अडली. ती पहिलीत असताना मार्च २०२० ला कोरोनानं शाळा बंद झाली आणि खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. तिची दुसरी अख्खी आणि तिसरी अर्धी घरातच गेली. घरात मोबाइल एक, आणि तो घेऊन लेक वावरात. तो खड्डा अजून पुरता बुजला नाही. म्हणून मी पारावर कोणाच्याच बाजूनं बोलू शकत नाही. एका शाळेत हिशोब आहे, दुसरीत इंग्रजी आहे, आणि बापाला दोन्ही पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये, राखीपौर्णिमा झाल्यावर, शाळेत पालकसभा भरली. आक्का राखीला आलेली होती, तीही माझ्यासंगं आली. कायद्याप्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण माणसं पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. कागदावर होत्या, पण सभेला बहुतेक त्यांचे नवरे यायचे. त्या दिवशी मात्र बाया आल्या, कारण विषय तसाच होता. मुख्याध्यापकांनी फळ्यावर आकडे मांडले.

३० सप्टेंबरला पटावर जेवढी लेकरं, त्यावर पुढं शिक्षकांची पदं ठरतात. याला संचमान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ ला सरकारनं तिचे नवे निकष काढले होते. सहावी ते आठवीत वीसच्या आत लेकरं असली तर त्या वर्गांना शिक्षकाचं पदच मिळत नाही, असं त्यातून निघतं म्हणून राज्यभर शिक्षक संघटनांची ओरड चालू होती. आमच्या पटावर २४. पण ज्या लेकराचं आधार शाळेच्या नावाशी जुळतं तेच मोजलं जातं. तांड्यावरच्या दोन लेकरांच्या आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं. उरली २२. आणि चौघा बापांनी दाखले मागितले होते. त्यांना इंग्लिश शाळेत न्यायचं होतं. बावीसातून चार गेले की अठरा.

फळ्यावर अठरा लिहिल्यावर सभा गप झाली. गुरुजी म्हणले, "मग ही तीन वर्गांची लेकरं ओढ्यापलीकडच्या शाळेत जातील." ओढा म्हणल्याबरोबर आक्कानं माझ्याकडं पाहिलं.

दाखला मागणाऱ्यांतला एकजण उठला. तो वाईट माणूस नाही. माझ्या पुतण्यासारखाच आहे. तो म्हणला, "शाळा टिकावी म्हणून माझ्या लेकराचं नुकसान का करू? दोन वर्षं विज्ञानाला मास्तर नव्हता, तवा कोणी सभा घेतली का?" त्याचं बोलणं बरोबर होतं. कोणी उत्तर दिलं नाही. मग एकानं तोड काढली. म्हणला, "असं करा, ३० सप्टेंबरपर्यंत नाव राहू द्या. मोजणी झाली की काढा. शाळाबी राहील, तुमचंबी होईल." बऱ्याच जणांनी मान हलवली. आमच्या गावाला अशी तोड लवकर पटते.

तेवढ्यात मागून खिचडी शिजवणारी बाई उभी राहिली. तिची पोरगी सातवीत. ती म्हणली, "सर, बोलू का म्या? नुसतं नाव ठिवून माझ्या पोरीला काय भेटंल? पुढल्या साली पुन्हा हेच. ज्याला जायचं त्यानं जावं, पण जाण्याआधी सांगावं, काय केलं तर राहताल? ते तरी कळू द्या." एवढं बोलून ती खाली बसली. सभेत पहिल्यांदा कोणी तरी मत सांगायच्या जागी मत विचारलं होतं.

मग खरं बोलणं सुरू झालं. चौघांनी सांगितलं. इंग्रजीचा रोज एक तास पाहिजे, आठवड्याला दोनदा नको. कम्प्युटरचं कुलूप काढा. गणिताची चाचणी महिन्याला घ्या आणि वही घरी पाठवा. पोरींनी पाण्याचं सांगितलं. ते त्यांच्या आयांनी उभं राहून सांगितलं, कारण पोरी लाजल्या. नव्या सरांनी एक गोष्ट समजावली जी कोणाला ठाऊक नव्हती. आठवीला एनएमएमएसची परीक्षा असते. ज्याच्या घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, असं लेकरू त्यात निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पण ते सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्याच लेकरांना. फी भरायच्या शाळेत गेलेल्याला ती परीक्षाच देता येत नाही. पाचवीतून नवोदयची परीक्षा असते. वसमतच्या नवोदयमध्ये पाऊण जागा खेड्यातल्या लेकरांना असतात. हे ऐकून एका बापानं विचारलं, "मग आतापर्यंत का सांगितलं नाही?" सर म्हणले, "मी जूनमध्ये आलोय." लोक हसले.

सभा संपताना मुख्याध्यापक आक्काला म्हणले, "मावशी, तुम्ही काही बोला." आक्का पदर सावरून म्हणली, "म्या काय बोलू बाबा. शाळा वंगाळ का चांगली, ते जाणारानं सांगावं. आमाला तर जायलाच नव्हती."

सभेनं शाळा वाचली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पुढं जे झालं त्यात पावसाचा हात जास्त आहे. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, पोळ्याच्या तोंडावर, आमच्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. कयाधू भरून वाहिली, ओढे गावात शिरले, सोयाबीनची वावरं पाण्याखाली गेली. पिवळी गाडी चार दिवस आलीच नाही. तवा गाडीतली पोरं मैदानावर येऊन उभी राहिली, त्यात माझा नातूही होता. गुरुजी गावातच अडकले होते. त्यांनी सगळ्यांना वर्गात घेतलं. जे सोयाबीन वाचलं ते बाजारात चार हजारांच्या आसपास गेलं. हमीभाव होता ४,८९२. चौघांपैकी दोघांनी दाखले काढले नाहीत. त्यांना शाळा आवडली म्हणून का फी परवडली नाही म्हणून, हे त्यांना विचारणं बरं दिसलं नसतं. तिसऱ्यानं नेलं. चौथ्याचं, तो पुतण्यासारखा म्हणलं तो, त्याचं लेकरूच हटून बसलं. नव्या सरांकडंच शिकायचं म्हणलं. बापाचं मत वेगळं आणि लेकराचं वेगळं, आणि लेकराचं चाललं, असं आमच्या गावात क्वचित होतं.

२५ सप्टेंबरला राज्यातले प्राथमिक शिक्षक त्याच संचमान्यतेच्या विरोधात सामूहिक रजेवर गेले. आमच्याही शाळेला त्या दिवशी कुलूप होतं. पारावर पुन्हा दोन पार्ट्या झाल्या. एक म्हणली, पगार लाखाचा आणि वर रजा. दुसरी म्हणली, आपल्याच लेकरांसाठी गेलेत. खिचडीवाली बाई कुलूप बघून परत गेली, आणि त्या दिवशी मजुरांच्या लेकरांनी घरी काय खाल्लं, हे दोन्ही पार्ट्यांनी विचारलं नाही.

३० सप्टेंबरला पटावर २३ होती. तांड्यावरच्या दोघांचं आधार नव्या सरांनी स्वतः सेनगावला दोन फेऱ्या मारून दुरुस्त केलं, म्हणून मोजली गेली तीही २३. वीसच्या वर फक्त तीन.

शाळेत काय बदललं? इंग्रजीचा तास रोज होतो. कम्प्युटरचं कुलूप निघालं, पण वीजबिलाचा घोळ मधून मधून असतो. बाथरूमवर पाण्याची टाकी बसली, ती ग्रामपंचायतीनं नाही, बायांच्या बचतगटानं बसवली. दोन गुरुजी अजून मोबाइल बघतात. नव्या सरांची बदली केव्हा तरी होणारच, तो त्यांचा हक्क आहे. त्यांची आई त्यांच्या गावी एकटी असते. ते गेले की लेकरांचं मत पुन्हा बदलेल.

या सगळ्यातून मला जे कळलं ते एवढंच. पारावरचं मत फुकट असतं, पण दाखला काढला की ते मत फुकट राहत नाही. जो जातो तो एकटा जात नाही, तो आपल्यासंगं मास्तराचं अर्धं पद घेऊन जातो. त्याची किंमत जे जाऊ शकत नाहीत ते भरतात. त्यात पोरी असतात, मजुरांची लेकरं असतात, तांड्यावरची असतात. म्हणून कोणी जाऊ नये, असं मी म्हणत नाही. माझ्याच घरचा एक गेलेला आहे. पण जायच्या आधी एकदा वर्गात जाऊन बसावं, वही बघावी, लेकराला विचारावं, आणि ज्या शाळेत पोराला धाडायचं नाही ती पोरीला कशी चालते, याचं उत्तर घरातल्या घरात तरी द्यावं.

नात आता सातवीत आहे. इंग्रजी अजून अडखळत वाचते, पण वाचते. पिवळ्या गाडीतून आलेल्या भावाला ती रोज संध्याकाळी गणित सांगते, आणि तो तिला स्पेलिंग सांगतो. दोघांची भांडणंही त्यावरूनच होतात. पुढल्या साली ती आठवीत जाईल, एनएमएमएसला बसेल. मात्र तवा गावात आठवीचा वर्ग आणि तो शिकवणारा माणूस असला पाहिजे. या जूनमध्ये पाचवीतून सहावीत किती आले हे मी मोजलंय. नऊ. आठवीतून बाहेर पडले अकरा. दाखले किती निघतात, ते अजून ३० सप्टेंबरपर्यंत कळायचंय.